एक जूनचा पिवळा दिवा

सकाळी दात घासून व्हायच्या आत शिवलीलाला तीन फोन आले. पहिला इचलकरंजीहून नणंदेचा. दुसरा पुन्हा नणंदेचाच, कारण पहिला तिनं उचलला नव्हता. तिसरा सासूबाईंचा, आणि त्या तर भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात होत्या.

"आत्या, मी घरातच आहे. हाक मारायची," शिवलीला तोंडातला फेस सावरत म्हणाली.

"हाक मारली तर वीरूची झोप मोडंल. आज बी पिवळाच आलाय न्हवं?"

पिवळाच आला होता. शिवलीलाच्या पोटावर बांधलेल्या पट्ट्याच्या बकलात हरभऱ्याएवढा एक दिवा होता, आणि गेला आठवडाभर तो रोज सकाळी पिवळा होऊन उठत होता. एकटीला दिसला असता तर तिनं तो कसाबसा सोसला असता. पण त्याच क्षणी तो रंग नवऱ्याच्या, सासूच्या, नणंदेच्या आणि सख्ख्या भावाच्या फोनवरही उमटत होता. मग उरलेला दिवस स्वतःच्या पोटाबद्दल दुसऱ्यांची समजूत काढण्यात जायचा.

हे सगळं तिच्या नवऱ्याच्या, वीरेंद्रच्या हौसेपायी झालं होतं. शिवलीला तासगावच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात एक मूल गेलं होतं, आणि तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनी तिला जेवढं रडवलं तेवढं त्या दुःखानंही रडवलं नव्हतं. म्हणून या खेपेला तिनं ठरवलं होतं, तिसरा महिना उलटल्याशिवाय उंबऱ्याबाहेर अक्षर काढायचं नाही. ही रीत तिच्या आईची, आजीची, आणि आजवर शिवलीलानं तिची टिंगलच केली होती. आता तिला ती रीत फार शहाणपणाची वाटू लागली होती. पण दवाखान्यातून पट्टा मिळाला, वीरेंद्रनं तो चालू करायला घेतला, आणि पट्ट्याच्या ॲपनं विचारलं, 'सोबती जोडायचे का?' वीरेंद्र बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज चालवायचा. नवं यंत्र हातात आलं की त्यातली प्रत्येक सोय वापरून बघायची, हा त्याचा स्वभाव. त्यानं लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तशा थाटात सोबती जोडले.

"अरे, मला विचारायचंस तरी," शिवलीला म्हणाली होती. चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची, दोघंच असली की अरेतुरे.

"घरचेच तर आहेत," वीरेंद्र म्हणाला होता.

तसा पट्टा हुशार होता, हे शिवलीलासुद्धा कबूल करायची. तिच्या आधीच्या खेपेला सोनोग्राफी म्हणजे पोटावर गार जेली, डॉक्टरांच्या हातात ते यंत्राचं टोक, आणि पाचदहा मिनिटांत बाळ ज्या कुशीवर असेल त्या कुशीवरचं चित्र. पट्ट्याच्या मऊ कापडात तसली टोकं शेकड्यांनी विणलेली होती. विजेचा धक्का बसला की त्यातले स्फटिक थरथरायचे, माणसाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचे, आणि आत कुठं मांस, कुठं हाड, कुठं पाणी लागून तो आवाज परत आला की टिपून घ्यायचे. हे रात्रभर चालायचं. बाळ शंभर वेळा कुशी बदलायचं, पट्टा हजारो चित्रांतून नेमकी हवी ती निवडायचा आणि मापं घ्यायचा. मानेमागच्या कातडीखाली पाणी किती साठलंय, नाकाचं हाड दिसतं का, हृदयापाशी जाणाऱ्या एका बारीक शिरेत रक्त पुढंच वाहतं की मध्येच मागं फिरतं. मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या भागावर मात्र तो कायद्याप्रमाणे बोळा फिरवून मोकळा व्हायचा.

मग या मापांत आईच्या रक्ताचा अहवाल मिळवायचा, आईचं वय मिळवायचं, आणि एक आकडा काढायचा. शिवलीलाचा आकडा होता दोनशे ऐंशीत एक. म्हणजे अशीच मापं, असंच वय असलेल्या दोनशे ऐंशी बायका उभ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि दोनशे एकोणऐंशी जणींच्या बाळांना नसेल. सरकारनं रेघ आखली होती तीनशेवर. तीनशेच्या आत आलं की पिवळा, बाहेर गेलं की हिरवा. बस, एवढाच त्या पिवळ्याचा अर्थ. नववीच्या वर्गातल्या सगळ्यात ढ मुलालाही तिनं तो अर्ध्या तासात समजावून दिला असता. घरात गेला आठवडाभर ती तो समजावत होती, आणि एवढ्या मेहनतीनंतर सासूबाई म्हणाल्या होत्या, "पर एक तरी कशापायी?"

त्यात वयाची भानगड होती, आणि तिच्यावर तर शिवलीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आकड्यात बाईच्या वयाला फार वजन असतं. वय चढत जातं तसा हिशेबाचा मूळ आकडाच बिघडत जातो, मापं बिचारी कितीही चांगली असोत. आणि शिवलीलाचं कागदोपत्री वय खोटं होतं.

खोटं म्हणजे कुणी लबाडी केली होती असं नव्हे. तिचा थोरला भाऊ बसवराज सहा वर्षांचा झाला तेव्हा आई त्याला शाळेत घालायला गेली. साडेचार वर्षांची शिवलीला पदर धरून मागं लागली आणि शाळेच्या दारात तिनं असा काही गळा काढला की हेडमास्तर म्हणाले, घ्या हिलाही, तेवढीच भावाला सोबत. जन्मतारखा विचारल्या, तर आई म्हणाली, पोरगी भोगीला झाली, भाकरी तव्यावर होत्या. हेडमास्तरांना भोगीची तारीख लावत बसायला सवड नव्हती. गावातल्या निम्म्या मुलांना ते जी लावायचे तीच त्यांनी लावली, एक जून. भावालाही एक जून, बहिणीलाही एक जून, आणि एकाच वर्गात घालायचं म्हणून सालही एकच. तेव्हापासून शिवलीला दीड वर्षानं मोठी झाली आणि कागदोपत्री बसवराजची जुळी बहीण झाली. नोकरीही त्याच तारखेवर लागली, म्हणून कुणी ती हलवली नाही.

पट्ट्यानं सरकारी नोंदींतून ही गोष्टही हुडकून काढली. रोज सकाळी पिवळ्या दिव्याखाली एक ओळ यायची: 'कुटुंबात जुळ्यांचा इतिहास. दुसऱ्या गर्भाचा शोध घेतला. आढळला नाही. उद्या पुन्हा शोधू.'

"दुसरं कुठं लपलंय काय गं?" सासूबाईंनी एकदा अगदी हळू आवाजात विचारलं होतं.

शिवलीलानं मदतवाहिनीला फोन लावून बघितला. तिथं माणूस नव्हताच, एक गोड आवाजाचं यंत्र होतं.

"माझी जन्मतारीख चुकीची आहे. मी दीड वर्षानं लहान आहे."

"तपासते हं, शिवलीलाताई. आपली जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते आहे."

"दाखलाच चुकीचा आहे."

"आपली जन्मतारीख आपल्या भावाच्या जन्मतारखेशीही जुळते आहे. अभिनंदन."

"आम्ही जुळे नाही हो," शिवलीला म्हणाली, आणि आपण यंत्राला 'हो' म्हणालो याचाच तिला जास्त राग आला. तिनं फोन ठेवला.

डॉक्टर आवटींकडे जायचं ठरलं तेव्हा वीरेंद्र बरोबर आला. डॉक्टर आवटी पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि पट्टे आल्यापासून आणखीच कमी बोलणाऱ्या. सगळी चित्रं त्यांनी एकेक करून बघितली.

"मापं चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "आईच्या रक्तात बाळाचा जो अंश उतरतो तो तुमच्या अहवालात फार थोडा सापडला, म्हणून प्रयोगशाळेनं 'सांगता येत नाही' असं कळवलंय. पट्टा 'सांगता येत नाही' म्हणजे 'शंका आहे' असं धरतो. आणि तुमचं खरं वय घातलं तर आकडा तीनशे ऐंशीवर जाईल. पण दिव्याचा रंग माझ्या हातात नाही. वयाची दुरुस्ती तुम्हालाच करून घ्यावी लागेल."

"पक्कं कळायचं असेल तर?" वीरेंद्रनं विचारलं.

"सुई. पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं. त्यात बाळाच्या पेशी असतात, त्यावरून पक्कं कळतं. पण हजारात दोनतीन बायकांचं सुईमुळंच बिघडतं, आणि तुमचं आधी एक गेलेलं आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "सुईचं नंतर बघू. मला आधी एक सांगा. उत्तर नको तसं आलं, तर काय करायचं हे तुम्हा दोघांचं ठरलंय का? ठरलं नसेल तर मी नुसती सुई टोचून काय करू?"

शिवलीलानं वीरेंद्रकडे बघितलं. वीरेंद्रनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आधी उत्तर तर येऊ दे की, डॉक्टर," तो म्हणाला. "मग बघू."

गाडीत बसल्यावर शिवलीलाच्या कानात ते 'मग बघू' घोळत राहिलं. मग म्हणजे कधी आणि बघणार कोण, हे विचारायला तिनं दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा वीरेंद्रनं गाडीच्या क्लचबद्दल काहीतरी काढलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट कोल्ड स्टोअरेजवर गेली. घरी बोलायची सोयच नव्हती, घरात बोललं की इचलकरंजीत ऐकू जायचं. वीरेंद्र निवडणीच्या यंत्रापाशी उभा होता. सरकत्या पट्टीवरून बेदाणे धो धो वाहत होते, वर कॅमेरे बसवले होते, आणि काडी, खडा किंवा काळा दाणा दिसला की यंत्र वाऱ्याची फुंकर मारून तो दाणा बाजूच्या क्रेटमध्ये उडवत होतं. ते क्रेट काठोकाठ भरलं होतं.

"एवढा माल खराब?" शिवलीलानं विचारलं.

"छे गं. त्यातला निम्म्याहून जास्त चांगला आहे. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याला खडा लागला, म्हणून मी यंत्राला जरा जास्तच संशयी करून ठेवलंय. खडा एकही सुटत नाही, पण चांगलेही उडतात. मग बायका बसवून पुन्हा निवडून घ्यायचे."

"म्हणजे यंत्रानं बाजूला काढलं म्हणून खराब, असं नसतं."

"नसतंच. त्याला शंका आली, एवढंच." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो ओशाळा हसला. "बेदाण्याची गोष्ट वेगळी, लीला."

"वेगळीच आहे. दोनशे ऐंशीतलं एक म्हणजे किती, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, ते मी विचारायला आले नाही. मी विचारते, आपलं बाळ ते एक निघालं तर? तर तू काय म्हणशील?"

"कशाला अशुभ बोलतेस?"

"मी प्रश्न विचारला. अशुभ काही बोलले नाही."

"होईल गं सगळं नीट," वीरेंद्र म्हणाला, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कुणालातरी ओरडायला निघून गेला. तिकडं ओरडण्यासारखं काहीही झालेलं नव्हतं.

शिवलीला तिथंच क्रेटच्या काठावर टेकली. तिला भीती वाटत होती, हे ती स्वतःपाशी लपवत नव्हती. दुपारी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात मध्येच थांबायचा. असं मूल आपल्याच्यानं वाढवून होईल का, हे तिला माहीत नव्हतं. पण ते मूल तिला हवं होतं. नऊ वर्षांनी आलेलं, रात्रभर कुशी बदलणारं ते मूल तिला तीनशेच्या रेघेच्या आत आणि बाहेर सारखंच हवं होतं. फक्त हे एकटीनं हवं असून भागणार नव्हतं. ठेवू, एवढा एक शब्द वीरेंद्रच्या तोंडून तिला ऐकायचा होता, आणि तो पिवळा दिवा समोर असताना ऐकायचा होता. ज्या घरात बाप मग बघू म्हणतो, त्या घरात असं मूल आणायची तिची छाती होत नव्हती.

शनिवारी नणंद गिरिजाक्का इचलकरंजीहून स्वतःच आल्या. येताना डिंकाचे लाडू आणि एका मोठ्या दवाखान्याचा पत्ता घेऊन आल्या. मनानं वाईट नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी शिवलीलाच्या उशाशी चार दिवस बसून होत्या. पण एकदा बोलायला लागल्या की समोरचा माणूस जिवंत आहे हे त्यांच्या ध्यानात राहायचं नाही.

"सुई मारून घे आणि मोकळी हो," त्या म्हणाल्या. "हल्ली काय नसतं त्यात. लवकर कळलं म्हणजे लवकर निस्तरता येतं."

"निस्तरायचं काय, अक्का?"

गिरिजाक्कांनी खिडकीबाहेर नजर टाकून आवाज खाली आणला. "रोज समोर दिसतंय तरी विचारतीस?"

समोरच्या घराच्या पायरीवर सुनंदा बसली होती. चाळिशीची, ठेंगणी, दोन वेण्या घातलेली. सुनंदाला डाऊन सिंड्रोम होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ती आणि तिचे म्हातारे अप्पा. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला सुनंदा एकच विचारायची, जेवलास का? लोक मान हलवून पुढं जायचे. वीरेंद्रही जाता येता मान हलवायचा.

"अक्का, सुनंदा तुमच्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान," शिवलीला म्हणाली. "तुमच्या तिन्ही मुलांचे वाढदिवस तिला पाठ आहेत. तिचा वाढदिवस कधी असतो, ते तुम्हाला माहीत आहे?"

"मी काय तिच्याबद्दल वाईट बोलले काय?" गिरिजाक्का दुखावल्या. "मी तुझ्या काळजीनं बोलते. आई, तू तरी सांग की हिला."

सासूबाई डाळ निवडत होत्या. "मी काय सांगू बाई? आमच्या येळंला प्वाट दिसाय लागलं की लोकांस्नी कळायचं. रंगबिंग काय नव्हतं. आता रोज सकाळी त्यो फोन उघडायची बी धास्ती वाटती बघ."

"मग उघडू नका ना, आत्या."

"न उघडून कसं चालंल? पिवळा असला म्हंजे?"

शिवलीलानं डोक्याला हात लावला. वीरेंद्र त्या सबंध वेळात बाहेर गाडी पुसत होता, आणि ती गाडी तासाभरापूर्वी पुसून झालेली होती.

यातून सुटका झाली ती भावाच्या कृपेनं, आणि सुटका म्हणजे आणखी ताप. बसवराजला बहिणीचा रोजचा पिवळा दिवा बघवेना. तिला न विचारता त्यानं गावी खेटे घातले, ग्रामपंचायतीतून तिची खरी जन्मनोंद काढली, रजा टाकून तालुक्याच्या ठिकाणी रांगेत उभा राहिला, आम्ही जुळे नाही असं लिहून दिलं, आणि तीन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरून पट्ट्यापुरती तिची तारीख बदलून घेतली. गुरुवारी सकाळी दिवा हिरवा झाला.

घरात जणू बारसंच झालं. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. बसवराज फोनवर म्हणाला, "बघ, माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान झालीस, आता तरी मला मान देत जा." गिरिजाक्कांचा फोन लगेच आला. "सगळं व्यवस्थित निघालं बघ," त्या म्हणाल्या.

"काय निघालं, अक्का?" शिवलीला म्हणाली. "बाळ कालचंच आहे. मापं कालचीच आहेत. माझी जन्मतारीख तेवढी निघाली."

"असू दे गं. हिरवा तो हिरवा," गिरिजाक्का म्हणाल्या.

संध्याकाळी वीरेंद्र पेढे घेऊन आला. गेल्या महिनाभरात तो एवढा मोकळा दिसला नव्हता. शिवलीलाच्या हातावर पेढा ठेवून तो म्हणाला, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो. काही का असेना, आपलं मूल आहे, आपण ठेवणार."

"कधी म्हणालास?"

"म्हणजे काय, मनात होतंच की."

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्यानंच ती हैराण झाली. त्याला खरोखर तसं वाटत होतं. हिरव्या दिव्याच्या उजेडात त्याला स्वतःचा महिनाभराचा पळपुटेपणा दिसतच नव्हता. आणि पुढं कधी काही झालं, सातव्या महिन्यात किंवा बाळ हातात आल्यावर, तर हा माणूस उभा राहील की गाडी पुसायला जाईल, ते आता तिला कधीच कळणार नव्हतं. तीनशे ऐंशीत एक म्हणजे शून्य नव्हे. त्या तीनशे ऐंशीतली एक बाई कुठंतरी असतेच, आणि तिच्याही बकलात हिरवाच दिवा असतो. शिवलीलानं पेढा खाल्ला नाही. तो तिनं तसाच वाटीत ठेवून दिला.

दोन दिवस सगळे तिच्याशी इतके गोड वागले की तिला घरात श्वास घेणं नको झालं. रविवारी दुपारी सासूबाई मठात भजनाला गेल्या. शिवलीलानं फोन उघडला. तारखेच्या दुरुस्तीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'दुरुस्ती मागे घ्यायची आहे का?' दुरुस्ती करायला भावाला तीन आठवडे लागले होते. मागे घ्यायला एक बोट पुरलं. यंत्रानं तिला साधं का म्हणूनही विचारलं नाही. 'आपली जुनी माहिती सुरक्षित आहे,' ते म्हणालं. पोटावरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि पिवळा झाला.

वीरेंद्र बाहेरच्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसला होता. पायरीवर त्याच्यासमोर जाऊन ती उभी राहिली. त्याच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"हे काय? बिघडला का?"

"नाही. मी परत एक जूनला जन्मले."

"म्हणजे?"

"दुरुस्ती मागे घेतली. मीच."

"लीला, तुला वेड लागलंय का? बसूदादा किती फिरला त्याच्यापायी."

"त्याची मी माफी मागेन. उद्या परत कर म्हणाला तर परतही करेन. पण आता हा पिवळा आहे, तू इथं बसला आहेस, आणि घरात कुणी नाही. आता सांग. बाळ तसं निघालं, तर ठेवायचं की नाही? हिरव्यात दिलेलं उत्तर मला नको आहे, वीरू. ते कुणीही देतं."

"पण खरा आकडा तर तीनशे ऐंशी आहे. तुलाच माहीत आहे."

"मला आकडा माहीत आहे. तू माहीत नाहीस."

त्याचा फोन वाजायला लागला. गिरिजाक्का. पिवळा तिकडं पोचला होता. वीरेंद्रनं फोनकडं बघितलं आणि वाजू दिला. तो वाजून वाजून थांबला. समोरच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. वीरेंद्रनं हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. आज तो गाडीचं काही काढणार नाही, हे शिवलीलाला कळलं.

"परवा सुनंदाचे अप्पा भेटले," तो म्हणाला. "दम लागत होता त्यांना. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ या. तर म्हणाले, वीरू, मला मरायचीसुद्धा चोरी आहे. हिला कुणाच्या दारात सोडू?" तो थांबला. "तेव्हापासून मी झोपलेलो नाही. तू म्हणतेस मी उत्तर देत नाही. उत्तर माझ्यापाशी आहेच कुठं? मला नुसती भीती वाटते. आपण गेल्यावर त्याचं कोण करणार, हे मला सुचत नाही."

महिनाभरात पहिल्यांदाच शिवलीलाचा त्याच्यावरचा राग उतरला. ती त्याच्या शेजारी बसली.

"मलाही सुचत नाही," ती म्हणाली. "मलाही भीती वाटते. फक्त ती मला एकटीला वाटायला नको आहे."

फोन पुन्हा वाजला. या वेळी मठातून सासूबाई. तो थांबतो न थांबतो तोच पुन्हा गिरिजाक्का. वीरेंद्रनं फोन उचलला.

"हां अक्का. हो, पिवळा झालाय. नाही, बिघडलेला नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. वीरेंद्र ऐकत होता. शिवलीला त्याच्या तोंडाकडं न बघता शेंगांची टरफलं गोळा करत होती. "नाही, सुई नको. ते आमचं ठरलंय. ... आत्ता ठरलं. ... तसं असलं तरी. हो, तसं असलं तरी ठेवायचंय." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "अक्का, तू रडू नकोस. आणि आईलाही फोन करून सांग, तिला म्हणावं भजन सोडून येऊ नको. ... अगं ऐक तर माझं. राहू दे पिवळा."

त्यानं फोन पालथा घालून कट्ट्यावर ठेवला.

समोरच्या दारातून सुनंदा बाहेर आली, रोजच्यासारखी पायरीवर बसली आणि वेणी पुढं घेऊन म्हणाली, "वीरू, जेवलास का?"

वीरेंद्रनं मान हलवली. मग उठून तो कट्ट्याच्या टोकापर्यंत गेला.

"जेवलो," तो म्हणाला. "तू जेवलीस का?"

"नाही अजून," सुनंदा म्हणाली. "अप्पांनी आत्ता भात लावलाय."